बगळापुलाखालचा वास

१७ जून २००७, रविवार. सकाळी सहाला तापमान बावीस अंश, आकाश भरलेलं, भुरभुर पाऊस. बगळापुलाखाली पाण्याची पातळी तीन मीटर शहाऐंशी सेंटिमीटर.

ही नोंद शेन युंगफूने रोजच्यासारखी घाटाच्या शेवटच्या पायरीवर, गुडघाभर पाण्यात उभं राहून केली. शाओशिंग शहराच्या पाणी खात्यात तो पातळी नोंदणीकार होता. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, असं दिवसातून तीनदा पाण्यात उतरायचं, पुलाच्या खांबावर रंगवलेल्या पट्टीवरचा आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. एकोणीस वर्षांत त्याची एकही नोंद चुकली नव्हती. (बायकोचा वाढदिवस चार वेळा चुकला होता, पण तो खात्याच्या वहीत येत नाही.)

नोंद झाली की तो पंधरा पायऱ्या चढून घरी यायचा, वरच्या मजल्यावर जायचा, रबरी बूट काढून खिडकीबाहेरच्या बांबूवर उलटे लटकवायचा आणि कापडी सपाता घालून पेज प्यायला खाली यायचा. बूट खात्याने १९९६ साली दिलेले होते. अकरा वर्षांत त्यांना भोक पडलं नव्हतं, याचा त्याला अभिमान होता. "बाहेरचं आत जात नाही आणि आतलं बाहेर येत नाही," असं तो नव्या भरतीच्या लोकांना सांगे. तसे बूट खातं आता देत नाही.

तर त्या रविवारी तो पेज पीत होता आणि पेजेबरोबर सायंदैनिक वाचत होता. (शनिवारचं सायंदैनिक संध्याकाळी येतं. शेन ते रविवारी सकाळी वाचतो. बातमी थोडी निवली की तिच्यातलं खरं काय ते दिसतं, असं त्याचं मत.) तिसऱ्या पानावर बोयान स्टोयकोवचं सदर होतं. हा बल्गेरियाचा माणूस दोन वर्षांपासून इथल्या महाविद्यालयात शिकवत होता आणि दर शनिवारी शहराबद्दल लिहीत होता. सगळं शहर त्याला बो सर म्हणे आणि सदर आवडीने वाचे, कारण तो प्रत्येक वेळी काहीतरी नवं खाऊन बघायचा आणि लोकांना त्याची फजिती आवडायची.

या खेपेला त्याने लिहिलं होतं: 'इथला नावाडी पायाने वल्हं मारतो, हाताने शेंगा सोलतो आणि तोंडाने सुनेची गाऱ्हाणी सांगतो. माझ्या देशात एवढ्या कामाला तीन माणसं लागतील आणि त्यातला एक रजेवर असेल. इथले म्हातारे बडीशेपेत शिजवलेलं एकेक बी चघळत कोमट दारू पितात. बी संपत नाही तोवर दारू संपत नाही, दारू संपत नाही तोवर गोष्ट संपत नाही. दारूत बुडवलेली जिवंत कोळंबी मी खाल्ली. खाल्ली म्हणजे, सहा मागवल्या, चार माझ्या वाट्याला आल्या, दोन शेजारच्या टेबलावर गेल्या.'

इथवर शेन हसत होता. पुढचा परिच्छेद असा होता: 'पण आमची नाव बगळापुलाखालून गेली तेव्हा एक असा वास आला, की मी हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. गेल्या दोन महिन्यांत तीनदा गेलो, तीनदा आला. नगरपालिकेने त्या कालव्याकडे लक्ष द्यावं.'

शेनने चमचा खाली ठेवला.

"कालवा," तो म्हणाला. "माझा कालवा."

"पेज गार होतेय," त्याची बायको आफेन म्हणाली.

"जेमतेम दोन वर्षं झाली येऊन, आणि माझ्या पाण्याला नावं ठेवतो."

"पाण्याला कुठे? वासाला ठेवतो."

"पाण्याला वास नाही."

"मग तुला कशाला झोंबलं?"

शेनने ताटलीतला एक देठ उचलला, टोक तोंडात धरलं, आतला गर ओढून घेतला आणि चोथा बाजूला ठेवला. हा देठ म्हणजे तांबड्या माठाचा, बोटाएवढा जाड, दोन इंचांचे तुकडे करून बरणीत आंबवलेला. बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत असे, कालव्याच्या बाजूला. तिच्यातलं हिरवट पाणी आफेनच्या आजीच्या हातचं. आजीने आईला दिलं, आईने लग्नात आफेनला. दरवर्षी नवे देठ पडायचे, पाणी तेच राहायचं. गल्लीत कुणाला नवी बरणी लावायची असली, की विरजण मागावं तशी वाटी घेऊन ती आफेनकडे येई. तेल गल्लीतल्या निम्म्या घरांचं जेवण या बरणीचं देणं लागत होतं. परगावच्या माणसाने तिचं झाकण उघडलं, तर तो दोन पावलं मागे जाऊन घरात कोण वारलं असं विचारेल. पण शाओशिंगच्या माणसाला तो वास आला तर वास आला असं वाटतच नाही. जेवायची वेळ झाली असं वाटतं.

म्हणूनच, देठ चोखत बसलेल्या शेनच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. त्याने ठरवलं, वर्तमानपत्राला एक ओळ लिहायची. एकच.

ती ओळ संध्याकाळपर्यंत चार पानं झाली. एकोणीस वर्षांच्या पातळ्यांचा तक्ता जोडला गेला. संपादकाने चार पानं आणि तक्ता बाजूला ठेवून फक्त शेवटचं वाक्य छापलं, तेही चौकटीत: 'ज्याला नाक आहे त्याने शनिवारी २३ तारखेला सकाळी दहा वाजता बगळापुलाखाली यावं. शेन युंगफू, पाणी खातं.'

बुधवारी चौकट छापून आली. गुरुवारी ताओ साहेबांनी बोलावलं. ताओ साहेब विभागाचे प्रमुख, मऊ आवाजाचे आणि सतत गरम पाणी पिणारे.

"युंगफू, खालती पाणी खातं असं का लिहिलंस?"

"मी पाणी खात्यातच आहे, साहेब."

"आहेस. अजून आहेस." साहेबांनी एक घोट घेतला. "अठ्ठावीसला प्रांताची तपासणी आहे. तुमच्या गल्लीला आदर्श गल्लीची पाटी मिळायची आहे. तपासणारे पेपर वाचतात. बगळापुलाला वास येतो हे त्यांनी वाचलं, आणि खातं म्हणतं येत नाही हेही वाचलं. आता अठ्ठावीसच्या आत वास तरी जायला हवा, नाहीतर तू."

"मी कुठे?"

"डोंगरावरच्या धरणावर. तिथला माणूस नऊ वर्षं बदली मागतोय. घाटावरचं घर खात्याचं आहे, ते पट्टीबरोबर जातं. तू गेलास की ते दुसऱ्याला."

"धरणावर काय आहे?"

"पाणी."

"आणखी?"

साहेबांनी थोडा विचार केला. "आणखी पाणी," ते म्हणाले.

घरी येऊन शेनने हे सांगितलं तेव्हा आफेन पालेभाजी निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत, पण भाजीबरोबर निवडलेल्या काड्याही टोपलीत पडू लागल्या.

"म्हणजे हे घर जाणार."

"वास सिद्ध झाला तर."

"पाण्याला वास नाही ना?"

"नाही."

"मग मान वर कर आणि शनिवारी पुलाखाली उभा राहा. आव्हान दिलंस ना, आता मागे सरायचं नाही. एकोणीस वर्षं या खिडकीत बसून मी भांडी घासली. एका परक्या नाकापायी मी डोंगरावर जाणार नाही."

शनिवारी दहाला घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. काळ्या टोप्या घातलेले म्हातारे वरच्या पायऱ्यांवर दारूचे पेले घेऊन बसले होते. पायाने वल्हं मारणारे दोन नावाडी गिऱ्हाईक सोडून पुलाखाली नावा लावून बसले होते. ताओ साहेब थर्मास घेऊन आले होते. आणि दंडाला लाल पट्टी बांधून, हातात नोंदवही घेऊन मोहल्ला समितीच्या लोउताई उभ्या होत्या. आदर्श गल्लीची पाटी ही लोउताईंची सहा वर्षांची तपश्चर्या होती. पाटी लावायला भिंतीत खिळा त्यांनी आधीच मारून ठेवला होता.

बो सर उंच, पिंगट मिशांचे, पावसात ओले झालेले. ते वाकून म्हणाले, "शेन साहेब, माझ्या लिहिण्यामुळे तुमच्या पाण्याचा अपमान झाला असेल, तर..."

"असेल नाही," शेन म्हणाला. "झाला. साडेतीन ओळींत."

तो बूट घालून पाण्यात उतरला. पुलाच्या वरच्या अंगाला, पुलाखाली आणि पुलाच्या खालच्या अंगाला पंचवीस मीटरवर, असं तीन ठिकाणचं पाणी त्याने तीन काचेच्या भांड्यांत भरून घेतलं, भांड्यांना क्रमांक लावले, वेळ लिहिली. बो सरांनी डोळे मिटून एकेक भांडं नाकाशी धरलं. एक म्हातारा बी चावत होता तेवढाच आवाज.

"एक. पाऊस," बो सर म्हणाले. "दोन. शेवाळ. तीन. शेवाळ, आणि थोडा साबण."

"तिथे कपडे धुतात," शेन म्हणाला. "पुढे?"

"पुढे काही नाही. तो वास यात नाही. मी चुकलो, शेन साहेब."

घाटावर टाळ्या वाजल्या. शेनने इथे थांबायला हरकत नव्हती. पण जिंकलेल्या माणसाला कुठे थांबावं हे कळलं असतं, तर जगातली निम्मी भांडणं झालीच नसती. त्याने दोन नंबरचं भांडं उचललं, चारी दिशांना दाखवलं आणि घटाघटा पिऊन टाकलं. टाळ्या दुप्पट झाल्या. (पुढच्या दीड दिवसाचा तपशील खात्याच्या वहीत नाही, आणि इथेही तो नसलेला बरा.)

मग तो विजयी वीरासारखा घरात गेला, वर जाऊन बूट बांबूवर उलटे लावले, सपाता घातल्या आणि अभिनंदन स्वीकारायला पुन्हा घाटावर आला. एवढ्यात आफेनने दुपारच्या जेवणासाठी खिडकीतल्या बरणीचं झाकण काढलं होतं.

लोउताईंनी चष्मा सारखा केला. "पाण्याला वास नाही हे नोंदवलं. छान झालं. मग वास कशाचा?"

हा प्रश्न कुणाच्याच मनात आला नव्हता. वारा फिरला, पावसाची तिरीप घाटावर आली. बो सरांची मान हळूच वर झाली, मिशा हलल्या, आणि त्यांचा हात आपोआप शेनच्या घराकडे गेला.

"आला," ते म्हणाले. "आत्ता आला. तिकडून."

सगळ्यांनी तिकडे बघितलं. खिडकीत आफेन उभी होती, तिच्या हातात लांब चिमटा, चिमट्यात देठ.

घाटावर पन्नासेक माणसं होती. पन्नासांच्या तोंडाला पाणी सुटलं, आणि मग पन्नासांना एकदमच उमगलं की परक्या माणसाला काय झालं असेल. वरच्या पायरीवरचा म्हातारा म्हणाला, "अरे, याला वास म्हणतात होय? आम्हाला वाटलं कुणी उंदीर मेल्याचं सांगतोय."

"ती बरणी आहे," शेन म्हणाला. "ते जेवण आहे."

"मला ठाऊक आहे," लोउताई म्हणाल्या. "परवाच मी वाटीभर नेलंय. पण शेनभाऊ, तपासणारे उत्तरेकडचे आहेत. गहू खाणारी माणसं. त्यांनी जर का..."

"मग त्यांना गहू खाऊ दे," खिडकीतून आफेन म्हणाली. "मी कुठे अडवलंय?"

"आफेन वहिनी, चार दिवसांचा प्रश्न आहे. झाकण घट्ट लावून चिखल थापून ठेवा."

"या दमट हवेत? दोन दिवसांत मरेल ते. आजीचं आहे."

"मग दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवा."

"ज्या घरी ठेवीन त्या घराला वास येईल. तुमच्याकडे ठेवू?"

लोउताईंनी वहीत बघितलं. ताओ साहेबांनी थर्मासचं झाकण लावलं आणि मऊ आवाजात म्हणाले, "युंगफू. तपासणीच्या आत ही बरणी रिकामी व्हायला हवी. नाहीतर मला कागद काढावा लागेल. बरणी की धरण, तू सांग."

आता शेन युंगफू हा काही भांडखोर माणूस नव्हता. घरात त्याचं म्हणणं साधारणपणे तिसऱ्या क्रमांकाचं असे, पहिलं आफेनचं, दुसरं पुन्हा आफेनचं. पण त्या क्षणी त्याच्या पोटात अर्धा लिटर कालवा होता, आणि पन्नास माणसं बघत होती.

"साहेब," तो म्हणाला, "हा कालवा मी एकोणीस वर्षं मोजतोय. ही बरणी सव्वीस वर्षं मला जेवायला घालतेय. कालवा माझा तसं त्या बरणीतलं पाणीही माझंच. पुलाखाली वास होता म्हणून तुम्ही मला हलवणार होता, तो नाही हे मी पिऊन दाखवलं. आता घरात जेवण आहे म्हणून हलवणार असाल तर हलवा. एक थेंब सांडायचा नाही. जिथे बरणी तिथे मी. धरण तर धरण."

नावाड्यांनी वल्ही लाकडावर आपटली. म्हाताऱ्यांनी पेले उचलले. आफेनने खिडकीतून नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं सव्वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मग तिने चिमटा बो सरांच्या दिशेने रोखला.

"आणि तुम्ही, बो सर. न चाखता लिहिलंत. उद्या बाराला जेवायला या. खा, आणि मग काय लिहायचं ते लिहा."

"येतो," बो सर म्हणाले. चेहऱ्यावर रंग नव्हता, पण येतो म्हणाले.

"मी साक्षीदार म्हणून येते," लोउताई म्हणाल्या. (साक्षीदाराला जेवायला वाढावं लागतं, हे त्यांना ठाऊक होतं.)

त्या संध्याकाळी आफेनने शेनच्या ताटात न मागता सहा देठ जास्तीचे वाढले. पोटातल्या कालव्यामुळे त्याला एकही खाता आला नाही. तरी त्या सहा देठांकडे तो बराच वेळ बघत बसला होता.

रविवारी, चोवीस तारखेला, बो सर साडेअकरालाच आले. हातात मोसंबीची पिशवी, खिशात तीन रुमाल. लोउताई आधीच येऊन बसल्या होत्या. शेन बाराच्या नोंदीसाठी घाटावर होता. पोट ठीक नसलं तरी पट्टी थांबत नाही. आफेनने बरणी खिडकीतून आणून थेट टेबलावर ठेवली आणि झाकण काढून बाजूला ठेवलं.

"झाकायचं नाही," ती म्हणाली. "ज्याला पळायचं असेल त्याने आत्ताच पळावं."

बो सर पळाले नाहीत. त्यांनी रुमाल नाकापर्यंत नेला, तिथे थांबवला, मग खाली घेतला. आधी डावीकडून वास घेतला, मग उजवीकडून. मग त्यांनी रुमाल घडी घालून खिशात ठेवला.

आफेनने टोफूवर वाफवलेले देठ पुढे केले. "हे टोक तोंडात धरा. चावायचं नाही. ओढायचं. गर येईल, साल ताटलीत टाका."

पहिला देठ त्यांनी चावला. दुसऱ्याला चुकीच्या टोकाने ओढलं. तिसऱ्याला फुस्स असा आवाज झाला, गर आला, आणि बो सर खिडकीबाहेर बघू लागले.

"पाणी देऊ का?" लोउताईंनी विचारलं.

"नको." बो सरांनी चौथा देठ घेतला. "माझी आजी डोंगरात राहायची. ती मेंढीच्या कातड्यात दूध आंबवून पनीर करायची, तळघरात टांगून. शहरातली माणसं तळघराच्या दारातून परत जायची. मी सात वर्षांचा होतो, मला ते तळघर फार आवडायचं." त्यांनी साल ताटलीत टाकली. "वीस वर्षांत असं काही खाल्लं नव्हतं. थोडा भात मिळेल?"

आफेनने भात वाढला. वाढताना तिचा हात जरा मोकळा सुटला, वाडगं शिगोशीग भरलं. लोउताईंनी वहीत लिहिलं: 'पाहुण्याने सात देठ खाल्ले. पळाला नाही.'

"मग तुम्ही लिहा," आफेन म्हणाली. "लिहा की हा वास नव्हे."

"लिहीन. पण वहिनी," बो सर चमचा हातात धरून म्हणाले, "मी काल घाटावर बोट दाखवलं, तेव्हा तुम्ही सगळे बरणीकडे बघायला लागलात. मी बरणीकडे दाखवलं नव्हतं. मी फक्त तिकडून म्हणालो. आणि नावेतून आला तो वास हा नाहीच. हा वास गोल आहे. तो टोकदार होता."

बारा वाजून दहा मिनिटांनी शेन आला. मागच्या दाराने वर गेला, वर दोनदा धप् धप् असा आवाज झाला, आणि तो सपाता घालून खाली आला.

"तीन मीटर नव्वद," त्याने सांगितलं. "काय, पाहुणे? खाल्लंत का?"

बो सर उत्तर देणार होते. पण त्यांची मान हळूच वर झाली, मिशा हलल्या आणि चमचा हातातून वाडग्यात पडला.

"आला," ते म्हणाले.

"काय आला?"

"तोच. टोकदार."

आफेनने घाईने बरणीवर झाकण ठेवलं. काही फरक पडला नाही. बो सर उठले आणि घरात जिथे कुणी पाहुणा कधी गेला नव्हता त्या जिन्याकडे निघाले. लोउताई वही घेऊन मागे, आफेन त्यांच्या मागे, आणि सगळ्यात शेवटी शेन, "तिथे काही नाही, तिथे फक्त माझी खोली आहे," असं म्हणत.

वरच्या खिडकीबाहेर बांबूवर रबरी बूट उलटे लटकत होते. वाऱ्याने जरा हलत होते. त्यांच्या बरोबर खाली स्वयंपाकघराची खिडकी, तिच्या खाली कालवा, आणि कालव्यातून एक नाव चालली होती. नावेतल्या बाईने नाकाला पदर लावावा तसा ओढणीचा कोपरा लावला होता.

बो सर बोलले ते शांतपणे, वर्गात फळ्यासमोर बोलतात तसे. "बरणी चाळीस मिनिटं उघडी होती. वास नव्हता. मग एकच गोष्ट घडली. शेन साहेब घरी आले."

"बूट?" शेन म्हणाला. "हे बूट खात्याने शहाण्णव साली दिलेत. एक भोक नाही. बाहेरचं आत जात नाही..."

"आणि आतलं बाहेर येत नाही," आफेन म्हणाली. "सांगितलंयस. अकरा वर्षं सांगतोयस. उलटे टांगल्यावर कुठे जातं ते नाही सांगितलंस."

लोउताईंनी चिमटीत धरून उजवा बूट जरा सरळ केला आणि ताबडतोब सोडला. "आम्हाला सगळ्या गल्लीला वाटायचं बरणी आहे," त्या म्हणाल्या. "मनात यायचं, आज आफेन वहिनींची बरणी जरा जास्तच झाली. पण कौतुकच वाटायचं."

"मलासुद्धा वाटायचं," आफेन म्हणाली. "रात्री अंथरुणातसुद्धा मला वाटायचं, माझ्या हाताला वास लागलाय."

शेनला अजून एकदा मान वर करून काही म्हणायचं होतं. कालच्यासारखं. एकोणीस वर्षं, खात्याचे बूट, शासकीय सेवा, असं काहीतरी. त्याने तोंड उघडलं.

"काय म्हणालास तू काल घाटावर?" आफेनने विचारलं. "जिथे बरणी तिथे मी. बरणी इथेच राहणार आहे. बूट जाणार. आता तू ठरव, तू कुणाबरोबर."

शेनने बांबूवरून बूट उतरवले.

सोमवारी ताओ साहेबांकडे बूट नेले तेव्हा ते खुर्चीसकट मागे सरकले. टाकून देता येणार नव्हते. बूट खात्याची मालमत्ता होते, आणि निकामी ठरवायला त्यांना भोक असावं लागतं. साहेबांनी नियमाचं पुस्तक दोनदा चाळलं. शेवटी पुलापलीकडे, धुण्याच्या घाटापुढे, वल्ही ठेवायची एक जुनी टपरी होती, ती खात्याच्या नावावर निघाली.

बुधवारी वर्तमानपत्राने बो सरांचा खुलासा शनिवारची वाट न बघता छापला, चौकटीत: 'बगळापुलाच्या पाण्याबद्दल मी लिहिलेलं मागे घेतो. पाणी स्वच्छ आहे, एका अधिकाऱ्याने ते माझ्यासमोर प्यायलं. वासाचं मूळ पाण्यात नव्हतं, तेल गल्लीच्या जेवणातही नव्हतं. ते शासकीय सेवेत होतं. श्रीमती आफेन यांच्या बरणीतले सात देठ मी खाल्ले. पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे.' शेनचं नाव त्यात नव्हतं. संपादकाने ते सभ्यपणे गाळलं होतं, पण शेजारी बुटांचं छायाचित्र होतं, आणि बुटांवर पांढऱ्या रंगात 'शेन' असं १९९६ सालीच लिहिलेलं होतं.

२८ जून, गुरुवार. दुपारी बाराला तापमान एकोणतीस अंश, पाऊस थांबलेला, ऊन. पातळी तीन मीटर त्र्याऐंशी. प्रांताचे तीन तपासनीस आले, दोघांनी देठ चाखले, एकाने बरणीतलं वाटीभर पाणी मागून नेलं. गल्लीला पाटी मिळाली. घर राहिलं. बरणी खिडकीत, जुन्याच जागी. बूट पुलापलीकडच्या टपरीत, घरापासून एकशे बारा पावलांवर. शेन युंगफू दिवसातून सहा वेळा ती पावलं सपाता घालून चालतो, आणि घरात शिरण्याआधी सपाता उंबऱ्याबाहेर काढून, आफेनने ठेवलेल्या बादलीत पाय धुतो.